कुत्र्यासोबत असल्यास

माणूस सुसंस्कृत झाला तो आगीच्या शोधामुळे नव्हे, चाकाच्याही नव्हे. आपल्या कुत्र्याची घाण आपण वाकून उचलायची, हे ज्या दिवशी त्यानं कबूल केलं त्या दिवशी संस्कृतीला सुरुवात झाली.

हे वाक्य माझं आहे. आमच्या वसाहतीच्या श्वानविषयक आचारसंहितेची प्रस्तावना मी लिहिली, तिचं हे पहिलं वाक्य. मूळ इंग्रजीत ते आणखी भारदस्त वाटतं. आचारसंहिता लागू झाल्यापासून आजपर्यंत एकाही रहिवाशाला वाकताना मी पाहिलेलं नाही. वाकायला घरोघरी कामाच्या बायका आहेत.

वसाहत म्हैसूरबाहेर, येलवालच्या पुढं, हुणसूर रस्त्यापासून थोडी आत आहे. मध्ये गोल्फचं मैदान, मैदानाभोवती घरं, घरांभोवती भिंत. गल्ल्यांना स्कॉटलंडमधल्या गावांची नावं दिली आहेत, त्यातली अर्धी टपालवाल्याला म्हणता येत नाहीत आणि उरलेली आम्हाला. मुलीनं परदेशात बसून इथलं घर पसंत केलं आणि म्हैसुरातल्या अग्रहार या जुन्या पेठेतल्या तीन खोल्यांतून आम्हा नवराबायकोला उचलून इथं आणून ठेवलं. रविवारी चारदोन लोक गोल्फ खेळतात. उरलेले सहा दिवस आम्ही सगळे मिळून गवताचा मान राखतो.

आमच्याबरोबर आमचा कुत्राही आला. तांबूस रंगाचा, शेपटी वर वळलेली. पिल्लू असताना अग्रहारात बायकोच्या मागे मागे भाजीच्या पिशवीचा वास घेत घरापर्यंत आला आणि राहिला. इथं त्याची नोंदणी करावी लागली. अर्जात जातीचा रकाना होता. मी ‘अग्रहार’ असं लिहिलं. महिनाभरानं क्लबहाउसमध्ये एक गृहस्थ मला म्हणाले, की ही जात त्यांनी युरोपात एकदा पाहिली होती, फार निष्ठावान असते. मी मान डोलावली. त्या काळात मी अशा गोष्टींवर हसत असे आणि मला वाटे, की हसणारा माणूस त्यांच्यात मोडत नाही.

घरकामाला येणारी बाई येलवालजवळच्या एका वाडीतली होती. पन्नाशीची, विधवा, उजवा गुडघा धरलेला. पहिल्याच दिवशी बायकोनं मला मराठीत काहीतरी विचारलं आणि ती झाडता झाडता थांबली.

“तुमी आपल्यातलेच की हो अण्णा,” ती म्हणाली.

तिची मराठी आमच्यासारखीच, कानडीत भिजलेली. म्हैसूरच्या प्रत्येक जुन्या मराठी घरात एक पूर्वज राजाच्या घोडदळात असतो. पायदळात कोणी होतं असं ऐकिवात नाही. मीही तिला माझ्या पणजोबांचं घोडदळ सांगितलं. ती म्हणाली, “आमचा पणजोबा घोड्यास्नी चारा घालायचा. तुमच्याच असतील.”

मैदानाच्या कडेनं एक सपाट, फरसबंद, झाडांच्या सावलीतली वाट आहे. कामगारांच्या फाटकापासून आमच्या घरापर्यंत त्या वाटेनं दहा मिनिटं लागतात. दुसरा रस्ता भिंतीला लागून जातो. सांडपाण्याच्या टाक्यांना वळसा घालून, खडीवरून, एक चढ आणि एक उतार घेत. त्यानं अर्धा तास लागतो, आणि गुडघा दुखत असेल तर किती लागतो हे त्या गुडघ्यालाच माहीत. ती अर्थातच सपाट वाटेनं यायची. सगळ्याच बायका यायच्या.

मग एका बाईसाहेबांनी वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. फोटोत तीन कामवाल्या त्या वाटेवरून बोलत चालल्या होत्या, आणि त्यातली एक हसत होती. खाली लिहिलं होतं, ‘हे लोक इथं फिरायला येतात का?’

समिती बसली. त्याच बैठकीत कुत्र्यांच्या घाणीचाही प्रश्न होता, म्हणून दोन्ही विषय एकत्र घेतले. कामगारांना वाट बंद करावी, असं बहुतेकांचं मत होतं. अडचण एवढीच, की मग कुत्री फिरवणार कोण? मालकांनी फिरवावी असं कोणी सुचवलं नाही. अध्यक्ष कुठल्याशा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, तुम्ही आयुष्यभर शिकवलंत. तुम्ही मसुदा करा. भाषा तुमची हवी.”

मी चाळीस वर्षं इतिहास शिकवला. वर्गात दरबारी भाटांची टिंगल केली. आणि तरी ‘भाषा तुमची हवी’ एवढ्या तीन शब्दांवर मी रात्रीचं जेवण पुढं ढकलून लिहायला बसलो.

कलम सात हा माझा तोडगा होता. वाट कामगारांना सरसकट बंद करणं मला पटत नव्हतं आणि मोकळी ठेवा म्हणण्याचं धाडसही नव्हतं. म्हणून मी लिहिलं, ‘कुत्र्यासोबत असल्यास कामगारांना या मार्गाचा वापर करता येईल.’ मला ते उदारमतवादी वाटलं. बंदीचा शब्दही न वापरता बंदी, आणि बंदीत एक खिडकी. समितीनं टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मी बायकोला कलम वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती.

“म्हणजे कुत्र्यानं तिला फिरवायचं,” ती म्हणाली.

“तसं नाही गं. तिची सोय झाली.”

“सोय तुमची झाली. तिकडेही बरे आणि इकडेही बरे.”

सोय मात्र खरोखरच झाली, हे मला सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सकाळी मी कुत्र्याला घेऊन कामगारांच्या फाटकापर्यंत जायचो. ती आली, की पट्टा तिच्या हातात द्यायचो. पहारेकरी पट्ट्याकडे बघून आडवा बांबू वर करायचा. मग ती आणि कुत्रा पुढं, मी दहा पावलं मागे. संध्याकाळी उलट. कुत्रा म्हातारा होता, तिच्या गुडघ्याच्या चालीनं चालायचा. दोघं एकाच झाडाखाली थांबायचे. समोरून ते गृहस्थ आले, की युरोपातली जात म्हणून कुत्र्याला “गुड मॉर्निंग” म्हणायचे. तिला कोणी काही म्हणत नसे, आणि तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

“माझ्याहून त्याचा मान जास्त हाय, अण्णा,” ती एकदा म्हणाली. “त्याच्या मागनं चाललं की मला बी कुणी अडवत नाय.”

मी हसलो. तीही हसली. आम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींना हसत होतो.

अडीच वर्षं असं चाललं. मग थंडीत कुत्र्यानं खाणं सोडलं. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं नाव सांगितलं, आणि एका दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात, तिनं नुकत्याच पुसलेल्या फरशीवर गेला. बायको त्याच्याशेजारी बसून राहिली. बाईनं बादली बाजूला ठेवली आणि तीही बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकावर गेलो नाही. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. कुत्रा नव्हता, म्हणून मी घरी चहा घेत बसलो होतो. पुढचं तिनं नंतर सांगितलं. पहारेकऱ्यानं विचारलं, कुत्रा कुठं? तिनं सांगितलं, काल गेला. पहारेकरी भला माणूस, रोज कुत्र्याला बिस्कीट द्यायचा. त्यानं टोपी काढली, “अय्यो पाप” म्हणाला, क्षणभर खाली बघत उभा राहिला. मग टोपी घातली आणि तिला भिंतीकडच्या रस्त्याला वळवलं.

ती पोचली तेव्हा गुडघा सुजलेला दिसत होता. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि भांडी घासायला घेतली. मी म्हणालो, “आजच अध्यक्षांशी बोलतो.”

“बोला,” ती म्हणाली. “पण अण्णा, रोज असं चालणं मला जमणार नाय. एक पंधरा दिवस बघीन.”

मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. अध्यक्षांनी मला सरबत दिलं, कुत्र्याबद्दल दुःख व्यक्त केलं आणि मान हलवली.

“सर, एकीला सोडलं की सगळ्या येतील.”

“मी स्वतः तिच्याबरोबर चालेन. रोज. फाटकापासून घरापर्यंत.”

त्यांनी आचारसंहिता मागवली. चष्मा लावून कलम सात वाचलं, माझ्यासमोर, मोठ्यानं. मग कागद खाली ठेवला.

“रहिवाशासोबत असं यात नाही, सर. कुत्र्यासोबत असं आहे.”

“पण त्याचा अर्थ...”

“अर्थ तुम्ही इतका स्पष्ट लिहिलाय, की आम्हाला काही वावच नाही,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते खरोखर कौतुक करत होते.

कलम बदलायचं तर सर्वसाधारण सभा हवी आणि सभा उन्हाळ्यानंतर. मोटार मी मोतीबिंदूपासून चालवत नाही, आणि मैदानावरच्या बॅटरीच्या गाड्या कामगारांना वर्ज्य. ते कलम माझं नव्हतं, पण ते मी वाचलं होतं आणि गप्प बसलो होतो. दुसरा कुत्रा आणा, असं अध्यक्षांनी सुचवलं. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, “आठ दिवस तरी जाऊ द्या.”

तेव्हा दुसऱ्या एका बाईसाहेबांनी मोठं मन दाखवलं. त्यांचं घर फाटकाजवळच. त्यांचा सोनेरी केसांचा, वासराएवढा कुत्रा सकाळी रिकामाच असतो, त्याला आमच्या बाईनं बरोबर न्यावं, मैदानाभोवती एक पूर्ण फेरी मारून परत त्यांच्याकडे सोडावं, आणि मग आमच्याकडे जावं. परत सोडल्यावर ती पुन्हा बिनकुत्र्याची होईल, हे त्यांना सुचलं नव्हतं. मी ते दाखवल्यावर त्यांनी आणखी मोठं मन केलं. कुत्रा आमच्याकडेच आणावा, ती काम करीपर्यंत बांधून ठेवावा, आणि जाताना तिनं त्याला परत न्यावं. याला त्या मदत म्हणत होत्या. मी तो निरोप तिला दिला, आणि देताना मीही मदत हाच शब्द वापरला.

तिनं हातातलं फडकं पिळलं. “बरं,” म्हणाली.

पाच दिवस तो कुत्रा तिला ओढत आणत होता. सहाव्या दिवशी गवतावर कुठूनतरी एक चेंडू येऊन पडला, कुत्रा त्याच्यामागे धावला आणि ती पट्ट्यासकट गवतावर तोंडावर पडली. माळ्यानं तिला उठवलं. दुपारी सुरक्षा विभागाचा अहवाल ग्रुपवर आला. त्यात गोल्फच्या सातव्या खड्ड्याजवळचं गवत कुत्र्याच्या नखांनी उखडल्याची नोंद होती, फोटोसकट. त्यात पडलेल्या बाईची नोंद नव्हती.

मी तिला दवाखान्यात नेलं. गुडघ्याला पट्टी बांधून घेऊन आम्ही बाकावर रिक्षाची वाट बघत बसलो. मी क्षमा मागण्याची तयारी करत होतो आणि वाक्य जुळवत होतो. सवय जात नाही.

“मी आता येत नाय अण्णा,” तीच आधी म्हणाली. “बोगादीला माझ्या नणंदेनं एक काम बघितलंय.”

“मी सभेत कलम बदलून घेतो. तोपर्यंत...”

“बेडा. नको. तुमी आता काय लिवू नका.”

 ती पट्टीवरून हात फिरवत होती.

“ते लिवताना मला एकदा विचारायचं होतं,” ती म्हणाली.

“विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?”

“कुत्रं म्हातारं हाय म्हणून.”

रिक्षा आली. तिनं माझा हात न धरता आत पाय टाकला.

सर्वसाधारण सभा झाली. मी बोललो. बोलणं चांगलं झालं असं तिघांनी येऊन सांगितलं, त्यातल्या दोघांनी विरोधात हात वर केला होता. कलम सात आहे तसंच आहे. शेजारच्या एका नव्या वसाहतीनं आमची आचारसंहिता नमुना म्हणून मागवून घेतली. अध्यक्षांनी मला कळवलं, की प्रस्तावना तिथल्या लोकांना विशेष आवडली.

आमच्याकडे आता दुसरी बाई येते, भिंतीच्या रस्त्यानं. तरुण आहे, चालते भराभर. बायकोनं पुन्हा कुत्र्याचा विषय काढला नाही.

जुन्या बाईचा अधूनमधून बायकोला फोन येतो. मागच्या वेळी मी बायकोच्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, तिथं कसं आहे. इमारतीचा नववा मजला आहे, ती म्हणाली, पण चढावं लागत नाही. लिफ्ट दोन आहेत. एक राहणाऱ्यांची. दुसरीवर पाटी आहे, सामान, कामगार आणि कुत्री यांच्यासाठी.  मी म्हणालो, हे काही बरोबर नाही.

ती म्हणाली, दुसरी मोठी आहे.