जोड माझा कच्चा

“आधी थांबव, मग पळव,” हे त्यांचं पहिलं वाक्य. रत्नागिरीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलं दरवर्षी स्पर्धेसाठी छोटी रेसिंग कार बनवतात. नवी तुकडी वर्कशॉपात आली की वेगाच्या गप्पा सुरू व्हायच्या. आमचे वेल्डर शांतपणे ऐकून घ्यायचे, मग हे वाक्य टाकून ब्रेकचा आराखडा मागायचे.

मी तिथे मशीन डिझाइन शिकवतो. ते माझ्याही आधीपासूनचे. जयगडजवळच्या गावातले, तरुणपणी होड्यांच्या इंजिनांची कामं केलेले. एखादा सुटा भाग तळहातावर जोखून म्हणायचे, “ह्यात पावशेर फुकटचं हाय.” आम्ही संगणकावर तपासायचो. बहुतेक वेळा पावशेर निघायचंच. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्यासमोर आपली पदवी सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

एका वर्षी संघाची कप्तान लांज्याकडची मुलगी होती. गाडीचा सांगाडा तिनेच आखलेला. वजन वाचवायला तिने नेहमीपेक्षा बारीक पाइप घेतले होते, आणि त्यासाठी माझ्याशी चांगली भांडली होती.

स्पर्धेला महिना असताना सड्यावरच्या, म्हणजे कातळमाळावरच्या, मोकळ्या रस्त्यावर चाचणी घेतली. गाडी तीच चालवत होती. वळणावर पुढच्या चाकाला धरणारी दांडी सांगाड्यापासून उखडली आणि गाडी गवतात घुसली. पोरीला खरचटलंही नाही, पण हेल्मेट काढून ती उखडलेल्या दांडीकडेच बघत राहिली.

“पाइप बारीक पडले,” विभागप्रमुख म्हणाले. “यंदा गाडी नेऊ नका.” मीही मान डोलावली. ते मला अजून खटकतं.

दुसऱ्या दिवशी वेल्डरकाकांनी आम्हा सगळ्यांना वर्कशॉपात बोलावलं. तुटलेला जोड त्यांनी करवतीने उभा कापून ठेवला होता. वरून वेल्डिंगची शिवण सुरेख, पण पोटात धातू एकजीव झालेलाच नव्हता.

“बघा सर. पाइप शाबूत हाय. जोड माझा कच्चा.” मग ते म्हणाले, “सहा महिने झाले, डोळ्यांपुढे धूर दिसतो. कोणाला बोललो नाय. माझ्यापायी पोर जिवाला मुकली असती.”

ते तिच्याकडे वळले. “बाय, तुझं गणित बरोबर होतं. मान खाली घालू नको गो.”

विभागप्रमुखांनी नकार मागे घेतला आणि सगळे जोड कापून नव्याने करायचं ठरलं. करणार कोण? काकांनी आपला वेल्डिंगचा मुखवटा तिच्या हातात दिला. पहिला आठवडा नुसत्या भंगाराच्या तुकड्यांवर गेला. ते वेल्डिंगच्या उजेडाकडे पाठ करून स्टुलावर बसायचे आणि नुसतं ऐकायचे.

“तव्यावर बांगडा तळताना येतो तसा आवाज यायला हवा... हां, अस्सा. आता करपवलास!”

ती हसायची आणि पुन्हा धरायची. तिने केलेला प्रत्येक तुकडा ते कापायचे, पोटात बोट फिरवायचे. एकदाचे म्हणाले, “हा माझ्यापेक्षा बरा.” त्यानंतरच तिला सांगाड्याला हात लावू दिला.

स्पर्धेत ब्रेकची परीक्षा गाडी पहिल्याच झटक्यात पास झाली. शेवटच्या लांब शर्यतीत आम्ही तेरावे आलो, आणि पहिले आल्यासारखे नाचलो. काका तेव्हा मोतिबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. तिने मैदानावरूनच त्यांना फोन लावला.

“दांडी जाग्यावर हाय ना?”

“आहे, काका.”

“मग झालं तर.”

आता त्यांच्या जागी दुसरे वेल्डर आहेत, चांगले आहेत. पण वर्कशॉपात शिरलो की मला त्यांचा निवृत्तीचा दिवस दिसतो. शाल-श्रीफळ झाल्यावर ते कोणाला न सांगता इकडे आले होते. आम्ही शोधत आलो तेव्हा चपला बाहेर काढलेल्या, आणि ते धिप्पाड शरीर गाडीच्या चिमुकल्या सीटमध्ये कसंबसं कोंबलेलं.

“काका, अडकाल! बाहेर या,” ती म्हणाली.

“ऱ्हाव दे गो. इतक्या गाड्या जोडल्या, आतून एक बघितली नव्हती.”

आणि ते स्टिअरिंग हळूहळू डावीकडे, मग उजवीकडे फिरवत, वळणारी पुढची चाकं बघत राहिले.