रुक्माबाईचा मंगळवार

रुक्माबाईनं कुणावर विश्वास ठेवलाय, असं साखरा गावात कुणी पाहिलं नव्हतं. गिरणीतून दळण आणलं की बाई घरी पुन्हा तोलणार. कुणी गोड बोललं की विचारणार, "काहून बोलून राहिला एवढं गोड?" एकच माणूस तिच्या तावडीतून सुटलेला, गावचा पाणीवाला संतराम. नवरा गेला त्या साली ह्या परक्या माणसानं तिची पेरणी करून दिली. तेव्हापासून ती त्याला राखी बांधायची.

गावच्या विहिरीवर दोन मोटरी. खालच्या आळीला पाणी सोमवारी अन् गुरुवारी, रुक्माबाईच्या वरच्या आळीला मंगळवारी अन् शुक्रवारी. बटण संतराम दाबायचा. औंदा पंचायतीनं तिथं एक छोटा कॉम्प्युटर बसवला आणि तो जोडायला सांगितला हरीशला, रुक्माबाईच्या पुतण्याला.

"काकू, ह्याला क्रॉन म्हणतात," हरीश म्हणाला. "कोणत्या वारी कोणती मोटर, ते आकड्यात लिहून दिलं की झालं. मग दर आठवड्याला ती आपोआप चालू होते."

झालं! हरीशची सासुरवाडी खालच्या आळीत, हे बाई कशी विसरेल? तिनं त्याच्या शेजारीच ठाण मांडलं. "तुझे आकडे नगं मला. मी मोजते, तू लिही. आइतवार एक, सोमवार दोन, मंगळवार तीन..." बोटं त्याच्या नाकासमोर नाचवली. हरीशही नवशिकाच. काकूच्या तोंडी कोण लागणार म्हणून त्यानं ती सांगेल तसं लिहिलं.

मंगळवार उजाडला. रुक्माबाईचा नळ कोरडा ठाक, अन् खालच्या आळीत हंडे भरून वाहतायत! आणि बुधवारी, काहीच घडलं नसल्यासारखं, हिच्या दारात पाणी.

"काल चोरलं अन् आज गुपचूप परत करून राहिलेत," ती म्हणाली. शुक्रवारचंही तसंच झालं, पाणी आलं शनिवारी. बाईची झोप उडाली. पहाटे ती विहिरीच्या वाटेवर जाऊन बसली, तर संतराम खालच्या आळीतून चहा पिऊन येताना दिसला. एवढं पुरलं तिला.

"अक्का, मी बटणाला हात बी लावत न्हाई आता," संतराम म्हणाला. "मशीन करतंय सगळं."

"मशीनला शिकवतं कोण, ते मला म्हाईत हाय!"

ग्रामसभेत ती सगळ्यांदेखत उभी राहिली. "ह्यो माणूस चहावर आमचं पाणी विकतो." संतरामनं विहिरीच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. आजवर त्याला असं कुणी बोललं नव्हतं.

हरीश घाबरला. त्यानं मशीन उघडून पाहिलं आणि खाली मान घालून काकूकडं आला. "काकू, क्रॉनमध्ये आइतवार शून्य असतो. सोमवार एक, मंगळवार दोन. तुमी एकपासून मोजलं, म्हणून सगळे वार एक दिवस पुढं सरकले. संतराममामांचा काहीच दोष न्हाई."

रुक्माबाई आपल्याच बोटांकडं बघत राहिली. त्याच संध्याकाळी पंचायतीतून किल्ली मागून घेऊन ती संतरामच्या दारात गेली. "चुकलं रे माझं. घे ही. मी समद्या गावासमोर सांगते."

संतरामनं तिला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. किल्लीला मात्र हात लावला नाही. "राहू द्या, अक्का. आज आकडे चुकले. उद्या दुसरं काही चुकंल, अन् तुमाला पुन्हा मीच दिसंन."

हरीशनं आकडे दुरुस्त केले, अन् पुढच्या मंगळवारी पाणी बरोबर आलं, वेळेवर, भरपूर. रुक्माबाई सवयीनं दारात येऊन विहिरीकडं बघायला लागली. तिकडं मोटर एकटीच चालत होती. जिच्यावर संशय घ्यावा अशी चीज तिथं उरली नव्हती, अन् ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा माणूसही.