बाबांना फ्रेंच गाव दाखवलं

आता हसणार नसाल तर सांगते. हसलात तरी माझं काय जाणारे म्हणा, शोभा व्हायची ती होऊन गेली.

माझे बाबा पुण्याचे. रिटायर झाल्यावर लोक सकाळी टेकडीवर जातात, हे फ्रेंचच्या क्लासला गेले. सगळ्या परीक्षा दिल्या, आरशासमोर बोलून बोलून आईला वीट आणला. पण खरा फ्रेंच माणूस काही कधी भेटला नाही. "एकदा कुणाशी तरी पाच मिनिटं बोलायचंय गं," एवढीच इच्छा.

यंदा ते माझ्याकडे क्राइस्टचर्चला आले. मी म्हटलं, "फ्रान्स कशाला हवंय बाबा? आकारोआ इथून दीड तासावर. जुनं फ्रेंच बंदर, तिथे सगळे फ्रेंचच." मला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. ब्रोशरवर झेंडा बघितला आणि दिलं ठोकून.

दुसऱ्या दिवशी त्यांचं परतीचं विमान, म्हणजे संधी ही एकच. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. अख्खा घाट तोंडातल्या तोंडात पुटपुटत काढला.

गावात रस्त्यांची नावं फ्रेंच, झेंडे फ्रेंच. बेकरीत बाबांनी ताठ उभं राहून एक लांबलचक वाक्य म्हटलं. काउंटरवरची बाई म्हणाली, "सॉरी लव्ह, मी इकडच्याच तिमारू गावची. गरम करून देऊ का?" आइस्क्रीमवाला पोरगा नुसताच "स्वीट ॲज" म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत "झकास".

दुकानागणिक बाबांचा आवाज बारीक होत चालला. मला राग येत होता, कुणाचा ते विचारू नका. ठरवलं, ह्यांचं आणखी हसं होऊ द्यायचं नाही. मग मीच पुढे होऊन सगळ्यांशी इंग्रजीत बोलायला लागले.

धक्क्यावर एक म्हातारं जोडपं बोटीची वाट बघत बसलं होतं. बाबांना तिथे उतरवून मी गाडी लावून येईपर्यंत बाबा त्यांच्यासमोर उभे, आणि तेच बेकरीतलं वाक्य सुरू.

"बाबा, पुरे झालं." मी दंडच धरला. "लोक हसतात."

"अगं, ऐक तर..."

"काही ऐकायचं नाहीये. इथे कुणाला फ्रेंच येत नाही."

आणि त्या जोडप्याला इंग्रजीत म्हटलं, "माफ करा हं, माझे वडील उगाच त्रास देतायत." ते दोघं नुसते माझ्याकडे बघत राहिले. म्हटलं, किती सभ्य माणसं.

बाबांना लांबच्या बाकावर नेऊन बसवलं, कॉफी आणून दिली. त्यांनी ती तोंडाला लावली नाही. तेवढ्यात बोट सुटली. कठड्याला टेकून ती म्हातारी बाबांकडे बघून मोठ्यांदा काहीतरी ओरडली. मला एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हणाली?"

बाबा उठून उभे राहिले होते. बोट वळेपर्यंत तसेच उभे राहिले.

"तुमचं फ्रेंच फार छान आहे, म्हणाली. आणि विचारत होती, तुमची मुलगी तुम्हाला आमच्याशी बोलू का देत नाही?"

म्हणजे त्या दोघांना माझं इंग्रजीच कळलं नव्हतं. सभ्य कसले, बिचारे गोंधळले होते.

परतीच्या घाटात बाबांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून घेतल्या. दुसऱ्या दिवशी विमानतळावर पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गाव छान होतं हं."

अजून रोज भांडी घासताना तोच धक्का दिसतो मला. तिथे उभ्या असलेल्या चौघांत फ्रेंच न येणारी मी एकटी. आणि बोलत होते तीही मी एकटीच.