भागवतनं धरलेलं सुतक

कुरुंद्याच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात भागवत रुग्णवाहिका चालवतो. मोठा बोलका गडी. वसमतच्या मोठ्या दवाखान्यात नेताना मागं पेशंट कण्हत असला तरी पुढं याचं तोंड चालूच, "आलंच बघा वसमत, हे काय, आलंच!" आणि वसमत अजून बरंच लांब असायचं. लोकांना त्याचं ते खोटं बोलणं आवडायचं. असा माणूस या उन्हाळ्यात मुका झाला, ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही. गाडी वेळेवर निघत होती ना? मग ड्रायव्हरकडे बघतो कोण!

औंढ्याच्या रस्त्यावर वऱ्हाडाचा टेम्पो उलटला होता. मागच्या दोन्ही जागा रक्तबंबाळ माणसांनी भरल्या. वैष्णवी नावाच्या शाळकरी पोरीला मात्र वरून फारसं लागलेलं दिसत नव्हतं, म्हणून गाडीवरच्या डॉक्टर शीतलनी तिला पुढं, भागवतच्या शेजारी बसवलं. पोरगी धीट होती. "काका, भोंगा वाजवा ना," म्हणाली. भागवतनं सायरन लावला, ती हसली. मग त्या कल्लोळात हा नेहमीसारखा बडबडत राहिला आणि पोरगी गप्प झाली ते त्याला कळलंच नाही. मार आतून होता. वसमतला दार उघडलं तेव्हा ती गेलेली होती.

त्याच दिवशी दुपारी त्यानं गाडी धुतली आणि पुढचा फोन येताच निघाला. या कामाची रीतच तशी आहे, आणि मला विचाराल तर ती रीत वाईट आहे.

तेव्हापासून भागवतचा हात सायरनच्या बटणाकडे जाईना. मोकळ्या रस्त्यावर ते खपून गेलं. पण हळद बाजाराला यायच्या दिवसांत वसमतचा रस्ता मोकळा असतो होय? पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरांची ही रांग, आणि गाडीत छातीत कळा येणाऱ्या जनकाबाई. शीतल मागून ओरडल्या, "भागवतभाऊ, सायरन!" भागवतनं हात पुढं केला आणि परत स्टिअरिंगवर ठेवला. शेवटी शीतलच खाली उतरल्या, ट्रॅक्टरवाल्यांच्या हातापाया पडून त्यांनी वाट मोकळी करून घेतली. जनकाबाई वाचल्या. पण वसमतच्या डॉक्टरांनी विचारलंच, इतका उशीर का?

बाहेर शीतलनी त्याला पाणी दिलं. रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तिला पुढं मी बसवलं, भाऊ. मलाही झोप नाही लागत. पण तुम्ही असे स्टिअरिंगवर बसलात तर एखादं माणूस जाईल."

हे भागवतलाही कळत होतं. रजा घ्यायला पाहिजे होती, पण कशाची सांगायची? तापाची मिळते, घरच्या लग्नाची मिळते, मयतीची तर न विचारता मिळते. मनाचं काही आहे म्हटलं की लोक येडा ठरवतात, आणि येड्याच्या हातात रुग्णवाहिका कोण देईल? गाडी गेली तर भागवत म्हणून उरतंच काय, ही त्याची खरी भीती होती.

संध्याकाळी त्याचा जोडीदार धनसिंग घरी आला. दुसऱ्या पाळीला गाडी तोच चालवायचा. त्याच्याकडे तोडगा तयार होता. "चुलता मेला म्हणून सांग. म्या तर माझ्या सासऱ्याला दोनदा मारलं. बराबर रजा भेटली! तुझी पाळी मी वढतो."

भागवतची आई पार्वतीबाई शेंगा फोडत बसली होती. ती उसळलीच. "जित्या माणसाला काहून मारून राहिले रे? ज्या लेकरापायी तू जेवून न्हाई राहिला, त्याचं सुतक धर की!"

"माय, ती आपली कोण व्हती?"

"तुझ्या शेजारी बसून गेली न्हाई का? मग? घरी बस. लोक येतील, बसतील. तेच ते दहादा सांग. रडू आलं तर रड. सुतक दुसरं कशाला आस्तं?"

म्हातारीनं आयुष्यात शाळेचं दप्तर पाहिलं नव्हतं, पण माणूस मेल्यावर मागच्याला बसू द्यावं लागतं एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. भागवत त्या रात्री उशीत तोंड घालून पोटभर रडला.

सकाळी तो मोठ्या डॉक्टरसाहेबांपुढं उभा राहिला. शीतलही कामासाठी तिथंच होत्या.

"साहेब, रजा पाह्यजे. सुतक हाये."

"अरे! कोण गेलं घरात?"

"घरात न्हाई. ती टेम्पोतली पोरगी, वैष्णवी. माझ्याच्यानं सायरन वाजत न्हाई, साहेब. जनकाबाईला उशीर झाला तो माझ्यामुळंच. हिंगोलीला मनाच्या डॉक्टरला बी दाखवतो. पण आधी घरी बसू द्या. आन् बरा झालो की गाडी मलाच द्या."

साहेब वाईट माणूस नव्हते, नुसते गांजलेले होते. "भागवत, गाडीत रोज कोणी ना कोणी दगावतं. सगळ्यांचं सुतक धरायचं म्हटलं तर दवाखाना बंद ठेवावा लागेल."

"बंद काहून? आमी आळीपाळीनं धरू, साहेब. धनसिंग माझी पाळी करून राहिला, उद्या मी त्याची करीन. पण धरू तर द्या."

साहेबांनी मदतीसाठी शीतलकडे पाहिलं.

"सर, आमच्यात सुतक पाळत नाहीत," शीतल म्हणाल्या. "पण भागवतभाऊ परत आले की घरी बसायची पुढची पाळी माझी धरा."