माझा खडा आणि दोन पंच

लघवीला बसलो की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि तोंडातून शिव्या बाहेर पडायच्या, असं माझं ऐन पंचविशीत चाललं होतं. धार मध्येच तुटायची. मी परसात कुडाला धरून नाचत असायचो आणि घरचे कर्ते, म्हणजे माझे काका, अंगणातून विचारायचे, "अरं, झालं का नाय?" त्यांच्या मते ही उष्णतेनं लागलेली नुसती उन्हाळी होती. कुळथाचं कढण मला इतकं पाजलं की बैलांच्या वाटचे कुळीथ मीच संपवले.

शेवटी भांडून कर्जतच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी लघवीच्या वाटेनं वाकडी सळई आत घातली. आई गं! आत काहीतरी टक् वाजलं. "खडा आहे, कापून काढावा लागेल," ते म्हणाले. मी तिथल्या तिथे तयार होतो, पण काकांच्या होकाराशिवाय आमच्या घरात रेडकूसुद्धा विकलं जात नसे.

"त्यांनीच सळईवर सळई वाजवली असंल," काका म्हणाले. "पंचांसमोर वाजू दे."

बांधाचं भांडण असो की सोयरीक, पंचांनी खात्री केल्याशिवाय आमच्याकडे काही खरं नसे. तेव्हा आमच्या दहिवलीचे दोन म्हातारे पागोटी बांधून माझ्या मूत्राशयाचा निवाडा करायला काकांबरोबर बैलगाडीत बसले. प्रत्येक खड्ड्याला मी किंचाळत होतो आणि ते भाताच्या रोपांविषयी बोलत होते. मेले!

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला, पण मला टेबलावर निजवून पुन्हा सळई आत घातली. पंचांनी आळीपाळीनं ओटीपोटाला कान लावला. टक्.

"वाजलं," एक म्हणाला.

"वाजलं बुवा," दुसरा म्हणाला.

मग काकांनी कान लावला. टक्.

"काय नाय वाजलं."

पुन्हा टक्.

"नाय."

"काका, बहिरे झालात का? जीव चाललाय माझा!" मी ओरडलो.

त्यांनी डोकं उचललंच नाही. माझ्या पोटावर काहीतरी ओलं लागलं.

"पयल्याच येळंला ऐकलं रं," ते हळूच म्हणाले. "पन हो म्हटलं की हे सुरी लावनार. तुझ्या बापाला मीच जाळला. तुला नाय जाळायचा मला."

माझा सगळा राग कुठच्या कुठे गेला. रडूच आलं. त्यांच्या पागोट्यावर हात ठेवून म्हणालो, "नाय म्हटलंत तरी मी मरनारच हाय, काका. फक्त जास्त बोंबलून."

काकांनी डोकं उचललं. मग पंचांकडे न बघता म्हणाले, "वाजलं."