टेपमावशीने उसवलेला ड्रेस

नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या टेपमावशीला माणसाआधी त्याचं माप दिसायचं. गळ्यात टेप कायम. भाजी निवडतानाही आणि विहारात वंदनेला बसतानाही. चाळीत नवी सून आली की तिला 'जयभीम' म्हणता म्हणता हिने खांदा आणि बाही मनात टिपून घेतलेली असायची. खरं नाव शकुंतला, पण ते रेशनकार्डापुरतंच.

एक खांदा उतरलेला असो की पाठीला पोक असो, तिने शिवलेल्या ब्लाऊजमध्ये ते दिसतच नसे. "अंगातलं उणं शिवणीत जिरवायचं, लोकांनी कशाला बघायचं?" हे तिचं ठरलेलं वाक्य. मी तिचं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. जन्मापासून माझ्या पायांत जोर नाही आणि पाठ डावीकडे कलते. माझ्या ड्रेसच्या डाव्या कुशीत ती आतून कापसाची वळकटी शिवायची आणि कमरेला पट्टा घालायची. वर दिवसातून दहादा "नीट बस गं" हे होतंच. शाळेच्या फोटोत मी ताठ दिसते ती तिची करामत.

दादरच्या एका ऑफिसात मला नोकरी लागली आणि खरी गोची झाली. काम आठ तास बसायचं, आणि मला दोन तासही बसवत नव्हतं. चाकाची खुर्ची होती, एका शिबिरात हारतुऱ्यांसकट फुकट मिळालेली. ती घरी आली त्याच दिवशी मावशीने तिला टेप लावला होता. "अठरा इंच. आणि पोरगी तेराची. असं ब्लाऊज मी शिवलं असतं तर बायकांनी तोंडावर फेकलं असतं." त्या खुर्चीत मी एका कडेला घसरत जायचे आणि बैठकीखालची जखम काही केल्या भरत नव्हती.

मापाची खुर्ची बनवून मिळते, पण ती आमच्या आवाक्यातली नव्हती. गिरगावचा एक ट्रस्ट खर्च उचलायला तयार होता, मात्र परळच्या एका हॉस्पिटलातल्या डिसूझा मॅडमनी तपासून तसं लिहून दिलं तरच. कामावर हजर व्हायला दोन महिने होते.

आता आमचा शहाणपणा ऐका. तपासणी आहे म्हटल्यावर मावशीने आठवडाभर खपून मला नवा ड्रेस शिवला. वळकट्या दुप्पट, पट्टा जाड. आईने तेल लावून केस चापून बसवले. मी मॅडमसमोर श्वास रोखून अशी बसले की स्वतःलाही ओळखू आले नसते. बाहेर ही रांग. "बसताना काही त्रास?" त्यांनी विचारलं. "नाही मॅडम, छान आहे," आम्ही तिघी एका सुरात म्हणालो. डॉक्टरांसमोर रडगाणं गायचं नाही, हे आमच्याकडचं वळण. मॅडमनी दिसलं ते लिहिलं: बसण्याची ढब चांगली, साधी खुर्ची पुरेशी.

ट्रस्टचा नकार आला तेव्हा आई रडली आणि मी ताट सरकवून दिलं. मावशीने मात्र तो कागद मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "ही माझ्या ड्रेसची तपासणी झाली गं. तुझी झालीच नाही."

दुसऱ्या दिवशी मला तोच ड्रेस घालून तिने पुन्हा परळला नेलं. शिपाई म्हणाला, तारीख घेऊन या. मावशीने दारातच बैठक मारली. "मॅडम जेवायला उठतील ना कधीतरी? तेव्हाचा नंबर माझा." मॅडम डबा घेऊन बाहेर आल्या तशी ही उभी राहिली. "मॅडम, त्या दिवशी आम्ही तुम्हाला फसवलं. दोन मिनिटं द्या."

आत पडदा ओढून तिने पिशवीतून कात्री काढली आणि स्वतःच घातलेले टाके उसवायला घेतले. वळकट्या काढून टेबलावर ठेवल्या. पट्टा सुटला तशी मी डावीकडे कलंडू लागले, सवयीने हात टेकवून सावरायला गेले, तर ती खेकसली, "सावरू नकोस. घरी बसतेस तशी बस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती सुटलेला पट्टा गुंडाळून पिशवीत टाकत होती. मला त्या क्षणी तिचा रागही आला आणि तिच्याइतकं आपलं कुणी नाही असंही वाटलं.

मॅडमनी डबा बाजूला ठेवला. जखम पाहिली, पाठ पाहिली आणि मापं घ्यायला लागल्या. टेपचं दुसरं टोक मावशीच्या हातात. "दोन्हीकडे बोटभर जागा सोडायची," मॅडम म्हणाल्या. "ते मला सांगू नका," मावशी म्हणाली, आणि दोघी पहिल्यांदा हसल्या. नवा अहवाल आणि त्या वळकट्या घेऊन ती स्वतः गिरगावला गेली. ट्रस्टच्या साहेबांच्या टेबलावर तिने त्या कशा मांडल्या, हे ती पुढे वर्षभर सांगत होती. खुर्ची आली. ऑफिसात मी एक आठवडा उशिरा हजर झाले, पण संध्याकाळपर्यंत बसले.

गेल्या वर्षी मावशीला हॉस्पिटलात ठेवलं. वॉर्डात दोन खाटांमधून जेमतेम वाट. माझी खुर्ची त्यातून बरोबर गेली. डॉक्टर आले तशी तिने पदर सारखा केला, उशीला टेकून ताठ झाली आणि म्हणाली, "बरी आहे मी." मी म्हटलं, "डॉक्टर, खोटं बोलतेय. कळा येतात, घास उतरत नाही." ती माझ्याकडे अशी रोखून बघायला लागली की पूर्वीची मी असते तर गप्प बसले असते. "मावशी, सावरू नकोस," मी म्हटलं. मग तिने हळूहळू अंग सोडलं आणि कुठे दुखतं ते दाखवलं.

औषध बदलल्यावर निदान झोप तरी लागायची. ती आणखी तीन आठवडे होती. शेवटच्या भेटीत बोलणं जवळजवळ बंद झालेलं. तिने खाटेवरून हात लांबवला, खुर्चीची कड आणि माझी कंबर यांच्यामध्ये एक बोट घालून पाहिलं, आणि म्हणाली, "बसलंय बरोबर."