पालथ्या माणसाची तहान

मणक्याच्या ऑपरेशनला माणूस पालथा घातला की निम्म्या गोष्टी माझ्या हातातून जातात. चेहरा नीट दिसत नाही, पोट चाचपता येत नाही, आणि रक्तदाब उतरला की सर्जन हमखास विचारतात, "मॅडम, सलाईन वाढवताय ना?" इतकी वर्षं सांगलीत भूल देतेय, तरी या प्रश्नाने अजून माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी टेबलावर जतकडचे एक निवृत्त सुभेदार होते. मणक्यात नस दाबलेली, आठवडाभर अंथरुणाला खिळलेले. हृदयात आधीच एक स्टेंट आणि पंपिंग जरा कमी. तासाभरात त्यांचा रक्तदाब भराभर खाली आला. रक्त तर फारसं गेलंच नव्हतं. सलाईन कमी पडलं तर मूत्रपिंडं आणि मज्जारज्जू धोक्यात, जास्त झालं तर तेच हृदय थकून फुप्फुसात पाणी भरणार. चूक कुठलीही होवो, येणार माझ्याच अंगावर.

मॉनिटरवर एक आकडा असतो. प्रत्येक श्वासागणिक नाडीची लाट किती कमीजास्त होते ते तो सांगतो. लाट फार हलली तर शरीर पाणी मागतंय असं धरायचं. उताण्या माणसात हा आकडा बरा वागतो. इथे छाती दाबलेली, त्यात मशिन लहान लहान श्वास देत होतं. आकडा आपला मधोमध, ना हो ना नाही. एरवी पाय वर उचलले की पायांतलं रक्त हृदयाकडे येतं, दाब चढतो का ते बघून अंदाज घेता येतो, तर हा गृहस्थ पालथा! लघवीच्या पिशवीत थोडीशी गडद लघवी होती, पण नळी दुमडली असली तरी पिशवी रिकामीच राहते.

"काय ते ठरवा लवकर," सर्जन म्हणाले.

"तुम्ही तुमची हाडं बघा," मी खेकसले.

मग मी मशिनचा श्वास मिनिटभर मोठा केला. आकडा झटकन वर गेला. श्वास पहिल्यासारखा केला, आकडा खाली. मोठ्या श्वासाने लाट इतकी हलते ती शरीर कोरडं असलं तरच, म्हणजे तहानच होती. थोडं सलाईन दिलं, दाब चढला. आणखी थोडं दिलं, दाब टिकला.

"मी मघाशीच म्हटलं होतं," सर्जन म्हणाले. मी मान मॉनिटरकडे वळवली, कारण तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं.

पण हा माणूस इतका कोरडा पडला कसा? सकाळी मीच विचारलं होतं, "रात्री बारानंतर काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" आणि त्यांनी खणखणीत आवाजात "न्हाई मॅडम" म्हटलं होतं.

संध्याकाळी वॉर्डात गेले. सून औषधं आणायला खाली गेली होती. मी पुन्हा खोदून विचारलं.

"परवापास्नं पानी बंद केलंय," सुभेदार म्हणाले.

"कुणी सांगितलं होतं?"

"कुनी न्हाई. पोरगं तिकडं बॉर्डरवर. मला तर उठता येईना. लघवीचं भांडं सून धरती वो, मॅडम. लय लाज वाटती. पानीच न्हाई प्यालो तर धराय तरी नको."

मी चिडले, चांगलीच चिडले. "अहो, जीव गेला असता तुमचा! फौजेत हेच शिकलात का?"

त्यांनी खाटेला लटकवलेल्या पिशवीकडे मान वळवली. "आता नळी घातलीया न्हवं?"

"हो."

"मग द्या की पानी."

आणि मी धरलेला पेला त्यांनी एका दमात संपवला. दुसरा मागितला, तोही संपवला. माझा राग त्यांच्यावरून उठून माझ्यावरच बसला. मी बारानंतरचं विचारलं होतं. त्याआधीचं विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

आता मणक्याचा पेशंट आला की आकडे-बिकडे नंतर. आधी विचारते, "लघवीचं भांडं कोण धरतं?" सिस्टर हसतात. पेशंट मात्र एकही हसत नाही.